सहाव्या आठवड्यात दुकानाच्या कागदांवर सही नको

प्रश्न, थोडक्यात : वय 57. तालुक्याच्या गावात किराणा दुकान आहे. शुगर जुनी आहे. सहा आठवड्यांपूर्वी बायपास झाली. तीन ग्राफ्ट (रक्ताला नवी वाट म्हणून जोडलेल्या नसा) बसवले, एक छातीतली नस आणि दोन डाव्या पायातल्या. डॉक्टर म्हणतात सगळं उत्तम, टू-डी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग 55 टक्के आलं आहे. मला मात्र तसं वाटत नाही. छातीची डावी बाजू बधिर आहे, संध्याकाळी पाय सुजतो, कूस बदलताना छातीत मधूनच टक् आवाज होतो. मालिका बघताना रडू येतं, साधी बेरीज चुकते. बायको पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. मुलानं पुण्याची नोकरी सोडून दुकान हाती घ्यायची तयारी दाखवली आहे, आणि मेहुणे म्हणतात की ब्लॉकेज काढलेत तर आता गोळ्या बंद करून काढा घे. मी कायमचा आजारी झालो का? दुकान मुलाच्या नावावर करून घरी बसावं का?

उत्तर :

नमस्कार. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो घाईचा वाटत असला तरी तसा नाही. दुकानाच्या कागदांवर आत्ता सही करू नका, आणि मुलालाही राजीनामा देऊ देऊ नका. महिना-दोन महिन्यांची बिनपगारी रजा मिळते का, एवढंच त्यानं विचारावं. मुलानं दुकान चालवू नये असं मी म्हणत नाही. पण सहावा आठवडा हा स्वतःबद्दल कायमचा निकाल देण्याचा काळच नव्हे. बायपासनंतरचा माणूस या टप्प्यावर असतो त्याहून जास्त खचलेला दिसतो, स्वतःला आणि घरच्यांनाही.

पत्रात तुम्ही एक आकडा सहज लिहून पुढे गेलात, तो जरा थांबून बघू. पंपिंग 55 टक्के म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी 55 टक्के रक्त हृदय एका ठोक्याला पुढे ढकलतं. निरोगी माणसाचं हृदयही सगळं रक्त ढकलत नाही. 55 ते 70 ही सर्वसाधारण मर्यादा. हाच आकडा 35च्या खाली असता तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी वेगळं दिलं असतं. तुमच्या हृदयाचा स्नायू शाबूत आहे. पुढे काम झेपेल की नाही हे मुख्यतः त्यावर आणि चालताना दम किती टिकतो त्यावर ठरतं. छातीवरच्या व्रणाची लांबी बघून ते ठरत नाही, आणि घरातल्यांच्या चेहऱ्यांवरून तर मुळीच नाही.

आता तक्रारी. छातीची डावी बाजू बधिर का? तिथली जी रक्तवाहिनी हृदयाच्या पुढच्या मुख्य नसेला जोडली, ती छातीच्या हाडाला आतून लगटून असते. ती सोडवून घेताना तिथले बारीक मज्जातंतू दुखावतात. बधिरपणा, मुंग्या, मध्येच सुईसारखी चमक, कपडा लागला तरी आग होणं हे सगळं त्यातून येतं. बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं; काहींना एखादा पट्टा कायमचा बधिर राहतो, त्यानं धोका काही नाही. हृदयाचं दुखणं वेगळं ओळखू येतं. ते चालताना, चढताना येतं, दाबल्यासारखं किंवा जड वाटतं, जबड्याकडे किंवा हाताकडे पसरतं आणि थांबल्यावर ओसरतं. मात्र शुगर असलेल्यांना कधी कधी दुखतच नाही, नुसती धाप लागते किंवा दरदरून घाम येतो. तुम्ही हे विशेष लक्षात ठेवा.

पायातली लांब शीर काढून घेतली की रक्त वर चढायला उरलेल्या शिरांना काही काळ लागतो. म्हणून सूज संध्याकाळी वाढते आणि सकाळी उतरते. खुर्चीत बसताना पाय खाली लोंबकळू देऊ नका, स्टुलावर ठेवा. दिवसातून दोन-तीनदा आडवं होऊन पाय उशीवर, छातीच्या पातळीच्या वर येईल असा ठेवा. डॉक्टरांनी घट्ट मोजे दिले असतील तर सकाळी उठल्या उठल्या, सूज येण्याआधी घालायचे आणि रात्री काढायचे. पण पोटरी एका जागी दुखते, गरम आणि लाल झाली आहे, सकाळीही सूज उतरत नाही, असं असेल तर शिरेत गाठ झाली नाही ना, हे त्याच दिवशी दाखवायचं. दोन्ही पाय सुजायला लागले आणि वजनही वाढतंय, तर ते अंगात पाणी साठल्याचं लक्षण असू शकतं.

तो टक् आवाज मात्र मी हलक्यात घेणार नाही. छातीचं हाड उभं कापून, काम झाल्यावर स्टीलच्या तारांनी बांधतात. त्या तारा कायम आतच राहतात. हाड बऱ्यापैकी सांधायला सहा ते आठ आठवडे, पक्कं व्हायला साधारण तीन महिने लागतात. खांद्याचा किंवा बरगडीच्या कूर्चेचा आवाजही टक् असाच येतो आणि तो निरुपद्रवी असतो. फरक असा बघा : तळहात छातीच्या मधोमध सपाट ठेवा आणि हलकेच खोका. हाताखाली दोन कडा एकमेकींवर सरकल्यासारखं वाटलं, तर पुढच्या ओपीडीची वाट न बघता याच आठवड्यात सर्जनना दाखवा. शुगर असलेल्यांमध्ये हाड न जुळण्याचा आणि जखमेत पू होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून हा आग्रह. काही वाटलं नाही, तरी आवाजाबद्दल फोनवर विचारून घ्याच.

आणि रडू. बेरीज चुकणं, विसरणं, चिडचिड, रात्री विचित्र स्वप्नं, तोंडाला चव नसणं हे सगळं बायपासनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत इतक्या जणांना होतं, की डिस्चार्जच्या कागदावर ते छापायला हवं. छापत नाहीत, म्हणून प्रत्येकाला वाटतं आपणच दुबळे. याचं नेमकं एक कारण नाही : भूल, शरीरभर उठलेली सूज, रक्त कमी होणं, मोडलेली झोप, आयसीयूतले ते दिवस. बहुतेकांचं तीन महिन्यांत निवळतं. पण साधारण पाचातल्या एकाला खरंखुरं नैराश्य येतं, आणि ते अंगावर काढलं तर माणूस चालत नाही, गोळ्या नीट घेत नाही, मग हृदयही मागे पडतं. दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, खाणंपिणं सुटलं असेल, तर तसं डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. हृदयरोग्यांना चालणाऱ्या गोळ्या आहेत. सगळं संपवावं असा विचार मनात आलाच, तर टेलि-मानसचा 14416 हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मराठीतही बोलता येतं.

तुमच्या पत्नीबद्दल. ऑपरेशन थिएटरच्या बाहेर तासन् तास बसलेल्या बाईनं तांब्या हातातून काढून घेणं मला कळतं. पण जपणं म्हणजे न हलू देणं, हा समज या आजारात नुकसान करतो. पडून राहिल्यानं फुप्फुसाच्या तळाशी कफ साठतो, शिरेत गाठी होतात, स्नायू झपाट्यानं झिजतात, शुगर वाढते, बद्धकोष्ठ होतं. हाड जपायचं ते हातांच्या कामापासून. पायांना काम हवंच. हे दोन वेगळे केले की घरातला अर्धा वाद मिटेल.

हातांचा नियम सोपा ठेवा. बारा आठवडे होईपर्यंत, किंवा सर्जन सांगतील तोवर, पाच किलोच्या वर उचलायचं नाही, आणि ढकलणं-ओढणं नाही. तांब्या चालेल, भाजीची छोटी पिशवी चालेल. पाण्यानं भरलेली बादली नाही, नातवाला कडेवर घेणं नाही, गॅसची टाकी तर सोडाच. उचलायचं ते दोन्ही हातांनी, कोपरं बरगड्यांना चिकटवून. एक हात लांब करून वरच्या फळीवरचं काही ओढणं जास्त वाईट, वस्तू हलकी असली तरी. शिंक किंवा खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरा. एका जोरदार शिंकेनं हाडावर येणारा ताण पाच किलो उचलण्यापेक्षा जास्त असतो. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा आणि पायांच्या वजनानं वर या. दोन्ही हात मागे टेकून किंवा पलंगाची दांडी ओढून उठू नका.

आपल्याकडच्या घरांत सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे संडास. उकिडवं बसून उठताना माणूस नळाला नाही तर भिंतीला धरून हातांनी स्वतःला ओढतो, वर कुंथतोही. लोहाच्या आणि दुखण्याच्या काही गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतंच. देशी भांड्यावर ठेवायची कमोडची खुर्ची औषधांच्या मोठ्या दुकानात मिळते. तीन महिन्यांसाठी ती आणा. रात्री इसबगोल घ्यायला डॉक्टरांची हरकत नसेल तर घ्या. तीन महिने जमिनीवर मांडी घालून जेवणं-पूजा बंद, पाटाऐवजी खुर्ची.

पायांचा कार्यक्रम असा. तुम्ही आजवर घरातल्या घरातच फिरलात असं पत्रावरून दिसतं, तेव्हा सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून सुरू करा, सकाळ-संध्याकाळ. पहिली दोन-तीन मिनिटं आणि शेवटची दोन-तीन मिनिटं रमतगमत. दर दोन दिवसांनी दोन मिनिटं वाढवा. तीन आठवड्यांत सलग अर्ध्या तासाच्या आसपास पोचाल. वेग किती? चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग कमी. नाडीचे ठोके मोजत बसू नका, कारण तुम्हाला दिलेल्या गोळ्यांत बहुधा ठोके आवरणारी एक असते आणि मग तो हिशेब फसवा निघतो. जेवणानंतर तासभर जाऊ द्या, कडक उन्हात जाऊ नका. खिशात साखरेच्या पुड्या ठेवा. इन्सुलिन किंवा शुगरच्या काही गोळ्या चालू असताना चालणं वाढलं की साखर एकदम उतरते, आणि त्या घामाला, थरथरीला लोक हार्ट अॅटॅक समजून घाबरतात. पत्नीला सोबत न्या. तुम्ही अर्धा तास न थांबता चालता हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं की तांब्याचं भांडण आपोआप संपेल. जवळच्या शहरात हृदयरोग्यांसाठी व्यायामाचं केंद्र असेल, तर ईसीजी लावून चालवून घेणारी काही सत्रं जरूर करा. मनातली भीती जितकी तिथे जाते तितकी समजावून जात नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, बहुतेक जोडपी विचारत नाहीत, म्हणून इथेच सांगते. दोन जिने न थांबता, धाप न लागता चढता येऊ लागले की पती-पत्नीसंबंध सुरू करायला हृदयाची हरकत नसते. छातीवर आणि हातांवर भार येऊ द्यायचा नाही, एवढंच. मात्र जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी ज्यांना दिली आहे, त्यांनी सिल्डेनाफिलसारखी, संबंधांसाठी ताकद देणारी गोळी परस्पर घेणं जिवावर बेतू शकतं.

मेहुण्यांच्या सल्ल्याकडे वळू. ‘ब्लॉकेज काढलेत’ हे मुळातच खरं नाही. बायपासमध्ये अडथळा काढत नाहीत. तो आहे तिथेच असतो, त्याच्या पलीकडे रक्त पोचवणारी नवी वाट जोडतात. ज्या आजारानं जुन्या नसा बुजल्या तो आजार अंगात आहेच, आणि नव्या नसांवरही तो काम करतो. छातीतली नस चिवट निघते. दहा वर्षांनंतरही साधारण दहापैकी नऊ जणांची चालू असते. पायातल्या शिरांचं तसं नाही. दहा वर्षांनी त्यातल्या निम्म्या किंवा जरा जास्त उघड्या राहतात. पहिल्या काही महिन्यांत त्या बंद पडतात त्या रक्ताची गुठळी होऊन, त्यासाठी ॲस्पिरिन. पुढे बंद पडतात त्या चरबी साचून, त्यासाठी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. तुमच्या दोन ग्राफ्ट पायातल्या आहेत. त्या किती वर्षं टिकतील यात तुमच्या हाती जेवढं आहे, त्यातलं मोठं माप या दोन स्वस्त गोळ्यांत आहे. वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, शक्यतो 55च्या खाली आणि निदान 70च्या खाली हवं. ते खाली आलं म्हणून गोळी थांबवायची नसते, गोळीमुळेच ते खाली आलेलं असतं.

आलं-लसूण-लिंबू-व्हिनेगरच्या काढ्यानं नसेतला अडथळा विरघळत नाही. स्वयंपाकात लसूण हवा तेवढा खा. पण रोज वाटीभर अर्क, तोही ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांच्या जोडीला, म्हणजे रक्तस्राव वाढवायला मदत, शिवाय पोटात आग वेगळी. मेहुण्यांशी वाद घालू नका. ‘डॉक्टरांना विचारून घेतो’ म्हणा आणि विषय बदला. दुखण्यासाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन घेण्याची सवय असेल तर तीही सोडा. बायपासनंतर या गोळ्या हृदयाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात. पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं.

जखमेवर हळद, तेल, पावडर काही नको. कोमट पाणी, साधा साबण, टॉवेलनं टिपून कोरडं. छातीवरचा व्रण आपल्याकडे अनेकांचा जाड होतो आणि खाजतो, तो फोडू-खाजवू नका. बायकांसाठी एक जादा सूचना : स्तनांच्या वजनानं जखमेचं खालचं टोक ओढलं जातं आणि तिथेच पू होतो, म्हणून समोरून उघडणारी, तार नसलेली, मऊ पण आधार देणारी ब्रा दिवसरात्र हवी. आणि स्वयंपाकघरात कणीक तिंबणं, भरलेला कुकर उतरवणं, वरवंटा ही कामं तुमच्या गोणीइतकीच मना आहेत. ‘हलकंच आहे’ म्हणत त्या सहाव्या दिवशी ओट्याशी उभ्या राहतात, हे कितीदा तरी घडतं.

खालीलपैकी काहीही झालं तर थांबायचं नाही : 100.4च्या वर ताप, जखमेतून पू किंवा दुर्गंध, आडवं पडल्यावर धाप, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, छातीत न थांबणारी अनियमित धडधड, डांबरासारखी काळी चिकट शौच (लोहाच्या गोळीनंही शौच काळी होते, पण ती चिकट आणि उग्र वासाची नसते). रोज सकाळी लघवीनंतर, खाण्याआधी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. बोलणं जड होणं, तोंड वाकडं होणं, विश्रांतीतही छाती दाबणं यांसाठी 108ला फोन. मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून दवाखाना गाठायचा नाही.

आता दुकान. सहा आठवडे झालेत, टक् आवाजाचा निकाल ठीक लागला, तर आठव्या आठवड्यापासून दिवसातून दोन तास गल्ल्यावर बसायला काय हरकत आहे? शटर मात्र तुम्ही उघडायचं नाही. वाकून पकडायचं, झटक्यात वर ढकलायचं, रात्री उडी मारल्यासारखं खाली ओढायचं, हे जे तुम्ही रोज सवयीनं केलंत, त्याच्याइतकं नव्या हाडाला वाईट काम नाही. पन्नास किलोचा कट्टा, पंधरा किलोचा तेलाचा डबा दुसऱ्यानं हलवायचा. रोज लागणारा माल कमरेच्या उंचीवरच्या फळ्यांवर लावून घ्या. पाठ टेकायची खुर्ची, पायाखाली स्टूल, दर तासाला उठून दुकानासमोर पाच मिनिटं फेरी. बेरजेला कॅल्क्युलेटर वापरा, लाजू नका. स्कूटरवर जाऊ नका. खड्डा आणि हँडलचा झटका हाडापर्यंत जातो, त्यासाठी सर्जनची परवानगी बहुधा तीन महिन्यांनीच मिळेल. आणि गल्ल्याशेजारी लटकणाऱ्या तंबाखूच्या पुड्या तिथून हलवा. तुम्ही खात होतात की नाही हे लिहिलेलं नाही, पण खात असाल तर सवय परत लागायची जागा तीच. मशेरीही त्यातच आली.

बारा आठवड्यांनंतर पूर्ण दिवस. तोपर्यंत एखादा हमाल किंवा पोरगा ठेवा; त्याच्या तीन महिन्यांच्या पगारापेक्षा मुलाची गेलेली नोकरी महाग पडेल. (शेती किंवा हमालीवर ज्यांचं पोट आहे त्यांनी तीन महिन्यांच्या आत फावडं, ओझं धरू नये. बैठं काम असणारे बहुतेक सहा ते आठ आठवड्यांत परततात.) गोळ्या-तपासण्यांच्या खर्चाची चिंता असलेल्यांसाठी : महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल, तर पुढच्या तपासण्या आणि औषधांपैकी काय मिळतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला विचारा. न विचारता सोडून देणारेच जास्त.

मुलाशी बोलताना ‘दुकान घे’ किंवा ‘नको घेऊस’ असं काही न म्हणता त्याला एवढंच विचारा, की मी आजारी पडलो नसतो तर तुला दुकान हवं होतं का? त्याचं उत्तर हो असेल तर त्याला जरूर दुकानात घ्या, वडील धडधाकट असताना शिकवणं सोपं जातं. नाही असेल तर तुमच्या बायपासपायी त्याची नोकरी जाऊ देऊ नका.

पुढच्या ओपीडीला जाताना डिस्चार्जचा कागद, एकोचा रिपोर्ट, वजनाचं कॅलेंडर आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. डॉक्टरांना हे विचारा : हाड पक्कं झालंय का, छातीला आधाराचा पट्टा दिला असेल तर तो कधी काढायचा, हिमोग्लोबिन किती, एलडीएल किती, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) 7च्या खाली आलं का, आणि क्लोपिडोग्रेल किती महिने. प्रश्न घरूनच कागदावर लिहून न्या, पत्नीला आत बरोबर घ्या आणि उत्तरं त्यांनाच लिहू द्या.